उंच ठोकलेला खिळा

चिनारतगी मोहल्ल्यातला कुणाचाही मुलगा लष्करात निघाला की त्याच्या घरी सोबिराखाला, सगळ्या मोहल्ल्याची मावशी, हजर व्हायची. तिच्या एका हातात फडक्यात बांधलेला गरम नान असायचा आणि दुसऱ्या हातात हातोडी. नान आणणं ठीकच होतं. मोहल्ल्याचा तंदूर तिचा. निघणाऱ्या मुलानं घास घ्यायचा तो तिच्याच नानाचा. एक घास तोडून मुलगा जातो, उरलेला नान घरच्या भिंतीवर टांगून ठेवतात आणि परत आल्यावर तो त्यानंच संपवायचा असतो. त्याचं दाणापाणी घरात शिल्लक आहे म्हटल्यावर त्याला यावंच लागतं. इथपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते हातोडीवरून.

"वर," खाला म्हणायची.

मुलाचा बाप स्टुलावर चढून खिळा धरून उभा असायचा. "इथं?"

"आणखी वर."

"खाला, याच्या वर छत आहे."

"मग छताला लागून ठोक. तुझा हात पोचत नसेल तर उतर खाली, मी चढते."

आणि एकोणसत्तर वर्षांची, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेली ती बाई डोक्याचा रुमाल आवळून खरोखरच स्टुलाकडे निघायची. मग चौघं तिला धरायची आणि बाप मुकाट्यानं छताला लागून खिळा ठोकायचा. एवढं उंच कशाला, असं कुणी विचारलंच तर ती एकच शब्द बोलायची, "उंदीर." उंदीर भिंत चढतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ताश्कंदला शिकून आलेल्या एका जावयानं एकदा ते तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा स्वतःच हातोडी घेऊन स्टुलावर चढला.

लोक हसायचे. घरात उंचावर ठेवलेली कुठलीही वस्तू 'खालाच्या खिळ्यावर' आहे, असं म्हणायची मोहल्ल्यात पद्धतच पडली होती. मुलांपासून लपवलेली साखर खालाच्या खिळ्यावर, नवऱ्यापासून लपवलेली तंबाखू खालाच्या खिळ्यावर. सोबिराखालाच्या कानावर हे यायचं, पण तिला राग यायचा नाही. लोक हसतायत म्हणजे खरं कारण कुणाला ठाऊक नाही, एवढंच तिला त्यात ऐकू यायचं.

अकरा वर्षांची असताना ती तंदुरात वाकली ती अजून सरळ झाली नाही, असं तिची सून बरनो म्हणायची. नवरा कापसाचा ट्रक चालवायचा, तो जाऊन वीस वर्षं झाली होती. तीन मुलगे वाढवले, तिघांची लग्नं लावली, आणि या सगळ्यात एकही पहाट अशी गेली नाही की तंदूर थंड राहिला. आचेनं भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम थोडं आश्चर्य दिसायचं. प्रत्यक्षात तिला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. जीभ तिखट होती. नान उलटा ठेवणारा, नानाला सुरी लावणारा, नानावर पाणी सांडणारा माणूस तिच्या तावडीतून सुटला असं कधी झालं नाही.

मुलांची मात्र गोष्ट वेगळी. शाळेत जाणारं कुठलंही पोर तिच्या तंदुरासमोरून रिकाम्या हातानं पुढं गेलेलं तिला चालत नसे. मोहल्ल्याचा प्रमुख एर्गाश याची नात तर लोण्याच्या गोळ्यासारखी होती, घरून भरपेट खाऊन निघायची.

"खाला, माझं पोट भरलंय."

"पोटाला कोण विचारतंय? तोंड उघड."

एर्गाश एकदा म्हणाला, "खाला, पोरगी दारात मावेनाशी झालीय."

"मग दार मोठं कर," खाला म्हणाली. "लाकूड नसेल तर माझ्याकडे आहे."

दरवर्षी नऊ मेला, जर्मनांवरच्या विजयाच्या दिवशी, सगळा मोहल्ला जुन्या चिनाराखाली जमायचा. तिथं दगडावर त्रेचाळीस नावं होती, युद्धातून परत न आलेल्यांची. पुरुष पहाटेपासून मोठ्या कढईत पुलाव शिजवायचे, बायका गाजरं चिरायच्या आणि सोबिराखाला दोनशे नान पाठवायची. इमाम दुवा म्हणायचा, एर्गाश भाषण करायचा, आणि मग सगळे ज्याची वाट बघत असायचे ते व्हायचं. तुर्दिआलीबाबा काठी टेकत उठायचा.

मोहल्ल्यातून युद्धावर गेलेल्यांपैकी आता तोच एक उरला होता. एक्याऐंशी वर्षांचा, एका पायानं अधू, छातीवर पदकं आणि तोंडात मोजून चार दात. साठ वर्षं तो एकच गोष्ट सांगत होता आणि साठ वर्षं लोक ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होते.

"पंचेचाळीसच्या हिवाळ्यात मी दारात येऊन उभा राहिलो," तो सुरुवात करायचा. "आईनं माझ्या अधू पायाकडे बघितलं नाही, पदकांकडे बघितलं नाही. म्हणाली, आधी तुझा नान खा. काढला खिळ्यावरून. तीन वर्षांचा नान! दातांत धरला, आणि..."

"कट्ट!" सगळी पोरं एका सुरात ओरडायची.

"कट्ट! जर्मनांना जमलं नाही ते माझ्या आईच्या नानानं केलं. दोन दात गेले. पण खाल्ला! शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. आईनं जपला म्हणून मी आलो, मुलांनो."

टाळ्या व्हायच्या. बायकांच्या रांगेत सोबिराखालाही टाळ्या वाजवायची, हसायचीही. आणि दरवर्षी त्या शेवटच्या वाक्याला ती दगडाकडे बघायचं टाळायची. कारण तुर्दिआली ज्या बैलगाडीतून स्टेशनला गेला, त्याच गाडीत त्याच्या शेजारी तिचा भाऊ मामासोली बसला होता. तुर्दिआलीचा नान जपला गेला, तुर्दिआली आला. मामासोलीचा नान त्याच्या धाकट्या बहिणीनं खाल्ला, आणि मामासोलीचं नाव दगडावर एकोणिसावं आहे.

ती सहा वर्षांची होती. बेचाळीसच्या शरदात, मामासोली निघाला त्या सकाळी, आईनं मडक्याच्या तळाशी राखून ठेवलेल्या गव्हाच्या पिठाचा एकच नान भाजला. मामासोलीनं घास घेतला तो केवढा मोठा! अठरा वर्षांचं उपाशी पोर ते. उरलेला नान आईनं लाल दोऱ्यानं खिळ्याला टांगला. खिळा लाकडी पेटाऱ्याच्या वर होता, आईच्या खांद्याच्या उंचीवर. सोबिराखालाच्या मते आईकडून आयुष्यात झालेली चूक ती एवढीच.

त्या हिवाळ्यात मोहल्ल्यानं सरकीची पेंड खाल्ली, सलगमाचं पाणी प्यायलं. आई दिवसभर सामूहिक शेतावर असायची. घरात सोबिरा, थंड चूल आणि भिंतीवरचा नान. पहिल्या दिवशी ती पेटाऱ्यावर चढली आणि तिनं त्याचा नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी चाटला. तिसऱ्या दिवशी भावानं जिथं घास घेतला होता तिथंच, कडेकडेनं, कळणार नाही अशा बेतानं कुरतडला. आठवड्याभरात भावाच्या घासाची खूण उरली नाही आणि नान अर्धा झाला.

एका संध्याकाळी आईनं तो खाली काढला. सोबिरा गोधडीत डोळे मिटून पडली होती.  आईनं पांढऱ्या कापडाची पिशवी शिवली, नान आत घातला, तोंड शिवून टाकलं आणि पिशवी पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवसापासून पेटाऱ्यावर, बरोबर खिळ्याखाली, मूठभर सुकी तुती ठेवलेली असायची. आई विसरून गेली असेल असं समजून सोबिरा ती खायची. स्वतःला पहिलं मूल झालं तेव्हा एकाएकी तिच्या लक्षात आलं की त्या हिवाळ्यात शेतावरच्या बायकांना दुपारी जेवण म्हणून मूठभर सुकी तुतीच मिळायची. त्या दिवशी ती इतकी रडली की सुईणीला वाटलं बाळाला काही झालं.

मार्चमध्ये काळं पत्र आलं, मामासोली मारला गेल्याचं. आईनं तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. अगदी मरेपर्यंत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीनं हिशेब केला होता, आणि तीन वर्षांनी तुर्दिआलीनं चिनाराखाली उभं राहून त्यावर शिक्का मारला.

यंदा विजयाला साठ वर्षं होणार म्हणून एर्गाशनं कंबर कसली होती. जिल्ह्याहून पाहुणे येणार होते. शाळेत आठवणींची खोली सजत होती. एप्रिलच्या अखेरीस एक दिवस तो शाळेतल्या मुनाव्वरबाईंना घेऊन तंदुरापाशी आला. मुनाव्वर तरुण, उत्साही आणि मनानं फार चांगली होती. अशा माणसांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड.

"खाला, तुमच्या भावाचा, मामासोलीआकांचा नान आम्हाला हवाय," ती म्हणाली. "काचेची पेटी करून घेतलीय. पिशवीतून काढून आत ठेवू. खाली पाटी: मामासोलीचा शेवटचा घास."

आई गेल्यावर ती पिशवी सोबिराखालानं आपल्या घरी आणून छताला लागून टांगली होती. तिनं तंदुरातलं डोकं बाहेर काढलंच नाही. "पिशवीसकट न्या."

"पिशवीत काय दिसणार? पोरांना घास दिसला पाहिजे."

"उंदरांनी खाल्ला असेल."

"एवढ्या उंचावर?" एर्गाश म्हणाला. "तुमच्याच खिळ्यावर?"

 खालानं एक नान उगाचच करपू दिला आणि त्याचं खापर एर्गाशवर फोडून दोघांना हाकलून लावलं. पण नऊ तारीख काही हाकलून जाणार नव्हती.

त्या दुपारी सून माहेरी गेलेली बघून तिनं शिडी लावली. गुडघ्यांनी जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या दिल्या. पिशवी खाली आणली आणि बासष्ट वर्षांनी पहिल्यांदा आईचे टाके उसवले. नान दगड झाला होता. अर्धी चकती, आणि तुटलेल्या कडेनं बारीक बारीक दातांच्या खुणा, शेजारी शेजारी. मध्ये एका पडलेल्या दाताची फट. वरचा पुढचा दात तिचा त्याच हिवाळ्यात पडला होता. आंधळ्यालाही कळलं असतं की हे पोराचे दात आहेत. ती खुणांवरून बोट फिरवत बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

मग तिनं जे केलं ते कुणालाही सांगायची तिला नंतर लाज वाटली. तिनं नवा नान भाजला. रोज रात्री विझत्या तंदुरात ठेवून चार दिवसांत तो वाळवायचा बेत होता, जुना दिसेल असा. त्या आधी, मऊ असतानाच, एक घास हवा होता. तिनं परत आलेल्या सुनेला बोलावलं.

"बरनो, याचा एक मोठा घास घे."

बरनो दोन पावलं मागं सरली. "का? मी कुठं चाललेय?"

"कुठं नाही. घे."

"अम्मा, घास जाणारा माणूस घेतो. तुमच्या मुलानं काही सांगितलंय का? मला माहेरी पाठवायचं ठरलंय का?"

"अगं वेडे, कोण पाठवतंय तुला? नुसता चाव."

"चावायला सांगताय म्हणजे नक्की काहीतरी ठरलंय!" आणि बरनो रडत नवऱ्याला फोन करायला गेली. तिची समजूत घालण्यात सगळी संध्याकाळ गेली.

शेवटी खालानं स्वतःच घास घेतला. पण तिच्या तोंडात खालच्या बाजूला पाच सोन्याचे दात होते, आणि वरती तर आनंदच. नानावर जी खूण उमटली ती बघून तिला आधी हसू फुटलं. मामासोलीला काय सोन्याचे दात होते? मग हसू थांबलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांचे नान जपत आले, आणि भावाच्या नावानं खोटा नान काचेत ठेवायला निघाले, असं तिला वाटलं आणि तिची तिलाच शिसारी आली. तो नान तिनं कुस्करून चिमण्यांना घातला.

नऊ मेला चिनाराखाली मुनाव्वरनं टेबलावर निळी मखमल पसरून काचेची पेटी मांडली होती. पेटी रिकामी होती. शेजारी पाटी होती, सुंदर अक्षरांत लिहिलेली. जिल्ह्याचे पाहुणे पहिल्या रांगेत, पोरं जमिनीवर, कढईवर झाकण. इमामाची दुवा झाली. एर्गाशचं भाषण झालं, म्हणजे थांबलं. तो म्हणाला, "आता नेहमीप्रमाणे आपले तुर्दिआलीबाबा..."

"आधी मी," सोबिराखाला उभी राहिली.

ती गोष्ट आणखी एकदा ऐकली असती तर तिच्यानं बोलवलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पांढरी पिशवी छातीशी धरून ती टेबलापाशी गेली. नान बाहेर काढून तिनं मखमलीवर ठेवला, खुणांची बाजू लोकांकडे करून.

"नीट बघा," ती म्हणाली. "हे मामासोलीचे दात नाहीत. माझे आहेत. मी सहा वर्षांची होते. भूक लागली होती. त्याच्या घासाची खूण मी खाल्ली, आणि वर अर्धा नान खाल्ला. मार्चमध्ये पत्र आलं. तुम्ही सगळे माझ्या खिळ्याला हसता ना? उंदीर वगैरे काही नाही. माझ्यासारखं एखादं पोर घरात असेल म्हणून मी खिळा उंच ठोकते. पाटी काढ, मुनाव्वर. खोटी आहे."

 कढईचं झाकण वाफेनं खडखडत होतं. मुनाव्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला पाटी काढायचं सुचत नव्हतं. खाला आपल्या जागी जाऊन बसली. तिला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला नुसती थंडी वाजत होती.

तुर्दिआलीबाबा उठला. पोरांना बिचाऱ्यांना काय कळणार, त्यांना नेहमीची गोष्ट हवी होती. पुढच्या रांगेतून एकानं हळूच आठवण करून दिली, "कट्ट!"

"गप रे," म्हातारा म्हणाला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो सरळ खालाकडे बघत होता. "सोबिरा, माझी गोष्ट तू किती वेळा ऐकलीस?"

"जितक्या वेळा तुम्ही सांगितलीत तितक्या वेळा, आका."

"साठ वर्षं. आणि मनात हे घेऊन बसलीस." त्यानं श्वास घेतला. "मी दारात आलो तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता. ती माझ्या पायांवर कोसळली. आईनं मुलाच्या पायांवर पडायचं! म्हणाली, पहिल्याच हिवाळ्यात भिजवून तुझ्या बहिणींना घातला रे, नाहीतर त्या गेल्या असत्या. तीन वर्षं ती माऊली रोज समजत होती की आपण आपला मुलगा आपल्या हातानं मारला. तेवढ्यात दारात शेजारणी आल्या. माझा नान कुठं आहे, कसा होता, विचारायला लागल्या. मी काय सांगणार? मी म्हटलं, खाल्ला! दात पडले! आईला कुणी नाव ठेवू नये म्हणून बोललो, आणि मग दरवर्षी बोलावंच लागलं."

"आणि दात?" एर्गाशच्या तोंडून निघून गेलं.

"दात पलटणीतल्या न्हाव्यानं उपटले होते. दारू पिऊन. दुखत होता तो तिसराच."

हसू फुटलं, पण ते रडण्यात मिसळून गेलं. खाला हसली नाही. ती उठून उभी राहिली होती.

"तुमचा नान नव्हताच?"

"नव्हता."

"तरी तुम्ही आलात."

"तरी मी आलो. ज्यांच्या आयांनी नान डोळ्यांत तेल घालून जपले त्यांतले कितीतरी त्या दगडावर आहेत. गोळीला नान दिसत नाही, सोबिरा. मामासोली तुझ्यामुळं गेला हे तुला सांगितलं कुणी?"

"तुम्ही," ती म्हणाली. "दरवर्षी. इथंच उभं राहून."

 म्हातारा मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पदकं एकमेकांवर वाजली. एर्गाश पाणी घेऊन धावला, पण म्हाताऱ्यानं त्याला दूर सारलं. "बहिणी, मला माफ कर. मी आईला वाचवत होतो. तू रांगेत बसली आहेस हे मला कधी दिसलंच नाही." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "आणखी एक आहे. ते ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या दे. त्या दिवशी गाडीत स्टेशन येईपर्यंत मामासोलीनं माझं डोकं खाल्लं होतं. म्हणत होता, तुर्दि, घास फार मोठा घेतला. धाकटी टक लावून बघत होती. उरलेला तिलाच दे, असं आईला सांगून यायला हवं होतं."

"हे तुम्ही मला आता सांगताय?"

"कसं सांगू? तुमच्या भिंतीवर पांढरी पिशवी टांगलेली. मला वाटलं तुझ्या आईनं नान जपलाय. जपलेल्या नानासमोर उभं राहून कुठल्या तोंडानं म्हणू, की तुझ्या मुलाला तो धाकटीला द्यायचा होता? तिच्या जिवाला किती लागलं असतं."

सोबिराखाला रडली. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, डोक्यावरचा रुमाल सुटून खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. इतकी वर्षं जो नान चोरून खाल्ला असं ती समजत होती, तो भावानं तिला दिलेला होता. निरोप तेवढा बासष्ट वर्षं उशिरा पोचला. बरनो येऊन तिला बिलगली आणि तीही रडायला लागली. चावायला का सांगितलं होतं ते तिला आत्ता कळलं होतं.

नान काचेत गेला, बारक्या दातांसकट. पाटीचा प्रश्न निघाला तेव्हा जिल्ह्याच्या पाहुण्यांनी दोन-तीन मजकूर सुचवले. खालानं डोळे पुसत सगळे मोडीत काढले. "पाटी नको. पोरांना दात ओळखता येतात." मग पुलावाची ताटं फिरली आणि त्या दिवशी कुणी पोरानं किती खाल्लं ते विचारायलाच नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्दिआली काठी टेकत तंदुरापाशी आला.

"माझा नान दे," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, साठ वर्षं मी नुसताच बोलतोय? माझा नान मला मिळालाच नाही कधी."

खालानं त्याला सगळ्यात फुगलेला नान दिला. त्यानं कडेचा एक तुकडा तोडून चहात बुडवला, उरलेल्या चार दातांनी चघळून खाल्ला आणि नान परत केला. "आता टांग. मीही चाललोच आहे कुठंतरी, आज ना उद्या."

"तोंड बघा चालल्याचं," खाला म्हणाली. पण सवयीनं तिनं हातोडी उचलली आणि गल्लीच्या बाजूच्या भिंतीकडे वळून स्टूल ओढलं.

"स्टूल कशाला?"

"खिळ्याला."

"वर नको, सोबिरा."

ती थांबली. हातोडी हातात तशीच होती. समोरून एर्गाशची नात दप्तर घेऊन शाळेला निघाली होती.

"ए, इकडे ये," खालानं हाक मारली. "भिंतीला टेकून उभी राहा. हात वर कर. बस, एवढाच. टाचा उचलू नकोस."

मुलीची बोटं भिंतीवर जिथं टेकली त्याच्या चार बोटं खाली खालानं खिळा ठोकला. या खिळ्यासाठी स्टूल लागलं नाही, कुणाशी भांडावं लागलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. लाल दोऱ्यानं तुर्दिआलीचा नान तिथं लटकला, आणि ती तंदुराकडे वळून दुसरी खेप लावेपर्यंत त्याची आणखी एक कड गेलेली होती.

तेव्हापासून रोज सकाळी तुर्दिआली येतो, चहात बुडवून एक घास घेतो, आणि खाला उरलेला नान खिळ्याला टांगते. कापसाचे दिवस आले, गेले. म्हातारा अजून आहे. संध्याकाळी तंदूर झाकायच्या आधी ती गल्लीत येऊन भिंतीकडे बघते. खिळ्यावर नुसता दोरा लोंबकळत असला की तिला बरं वाटतं.